सत्तावीस ज्योतिषी आणि सत्तावीस नाणी

२००८ साली पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी झाली. ती घेणारे चौघे होते : खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि आधी ज्योतिष शिकून मग त्याची चिकित्सा करू लागलेले प्रकाश घाटपांडे. दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या गेल्या. त्यांतली शंभर मुलं शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. प्रत्येक ज्योतिष्याला यांतल्या चाळीस पत्रिका पाठवायच्या आणि त्यानं एवढंच सांगायचं की कोणती पत्रिका कोणत्या गटातली. एक्कावन्न ज्योतिष्यांनी भाग घेतला, सत्तावीस जणांनी उत्तरं परत पाठवली. सर्वांत जास्त गुण २४, तेही एकालाच. दोघांना २२. उरलेले चोवीसही जण वीसवर किंवा वीसच्या खाली. एका ज्योतिष संस्थेनं मात्र सगळ्या दोनशे पत्रिका घेतल्या होत्या. तिची १०२ उत्तरं बरोबर आली. हा सगळा तपशील मार्च २००९च्या ‘करंट सायन्स’मध्ये चौघांच्या नावानं प्रसिद्ध झाला.

नारळीकरांच्या विज्ञानकथांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हाही त्या कथांचीच चर्चा झाली. या तीन पानी निबंधाकडे मात्र कुणी मजकूर म्हणून पाहिलं नाही. त्याचा उपयोग दोन्ही बाजूंनी काठीसारखा झाला. एका बाजूनं म्हणायचं, ज्योतिष खोटं ठरलं. दुसऱ्या बाजूनं म्हणायचं, असल्या चाचणीनं शास्त्र तपासता येत नाही. काठी हातात घेतली की तिच्यावर काय कोरलंय ते कुणी वाचत नाही.

मला त्या चाचणीचा निकाल फिरवायचा नाही. पत्रिकेवरून मुलाची बुद्धी सांगता येत नाही, हा निष्कर्ष मला पटलेला आहे. माझी तक्रार त्या निकालाच्या वाचनाबद्दल आहे, आणि काही अंशी चाचणीच्या मांडणीबद्दलही. दोन्हींचं मूळ एकच आहे असं मला दिसतं. सगळी चर्चा ज्योतिष्यांबद्दल झाली. ज्या नाण्याशी त्यांची तुलना होती ते नाणं प्रत्यक्ष कुणी उडवून पाहिलं नाही.

आपल्याकडे संभाव्यता शिकवली जाते ती दहावीला. नमुना अवकाश लिहायचा, घटना लिहायची, घटनेतल्या घटकांची संख्या वर, नमुना अवकाशातली खाली. नाणं असेल तर एक छेद दोन. उत्तर मिळालं, दोन गुण मिळाले. ‘समसंभाव्य’ हा शब्द पाठात येतो, पण नाण्याच्या दोन बाजू समसंभाव्य आहेत हे कशावरून, असं विचारायला सवड नसते. खरं तर नाणं, फासा आणि पत्ते ही उदाहरणं निवडली जातात तीच मुळी उडवून पाहावं लागू नये म्हणून. आमच्या किनाऱ्यावरची कवडी घ्या. पट खेळताना ती उताणी पडेल की पालथी, याचं उत्तर नमुना अवकाश देत नाही. तिथे कवडी शेकडो वेळा टाकून मोजण्याला पर्याय नाही, आणि एका कवडीचं उत्तर दुसरीला लागू पडेलच असं नाही. चिंचोक्याचंही तसंच. म्हणून कवडी आणि चिंचोका पुस्तकाबाहेर राहिले.

याचा परिणाम असा की शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘एक छेद दोन’ हे माप म्हणून न राहता भाकीत म्हणून बसतं. नाणं चाळीस वेळा उडवलं तर वीस छाप पडतील, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात बरोबर वीस छाप आठ खेळांतून एकदाच येतात. उरलेल्या सात खेळांत एकोणीस, बावीस, सतरा, चोवीस असं काहीही. चोवीस किंवा त्याहून जास्त छाप शंभरातल्या तेरा-चौदा खेळांत येतात. दुसरीकडे आपल्या शालेय सवयीनं चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के, म्हणजे फर्स्ट क्लास. या दोन समजुती एकत्र आल्या की ‘एकाला तरी साठ टक्के मिळालेच ना’ हे वाक्य तयार होतं. हे वाक्य मी ज्योतिषावर विश्वास ठेवणाऱ्यांकडून ऐकलं आहे आणि न ठेवणाऱ्यांकडूनही. दुसऱ्यांच्या तोंडी ते थोडं दबक्या आवाजात असतं.

यावर वाद घालण्यापेक्षा खेळ मांडणं सोपं. सत्तावीस ज्योतिष्यांच्या जागी सत्तावीस नाणी. प्रत्येक नाणं चाळीस वेळा उडवायचं, छाप पडली की उत्तर बरोबर. एका खेळाला १०८० फेकी लागतात. रुपयाच्या नाण्यानं मी तो केला. दोन संध्याकाळी गेल्या, आणि चोवीसच्या पुढे जाणारं नाणं पहिल्याच खेळात निघालं. पण एका खेळानं काही ठरत नाही. तोच खेळ हजारो वेळा व्हायला हवा आणि ते हाताचं काम नाही. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत पडलेल्या जॉन केरिच या गणितज्ञानं नाणं दहा हजार वेळा उडवून नोंदी ठेवल्या होत्या. छाप पडली ५०६७ वेळा. त्याला वेळच वेळ होता. आपल्याला संगणक आहे. एक्सेलच्या तक्त्यात शून्य किंवा एक देणारं सूत्र चाळीस घरांत भरायचं, अशा सत्तावीस ओळी करायच्या, प्रत्येकीची बेरीज घ्यायची आणि त्यांतली सर्वांत मोठी टिपून ठेवायची. एक कळ दाबली की नवा खेळ. लहान मुलं लुटुपुटूची लढाई खेळतात तसा हा लुटुपुटूचा प्रयोग. कुणाचं काही बिघडत नाही, आणि खऱ्या प्रयोगात काय होऊ शकलं असतं ते दिसतं.

(सत्तावीस हा आकडा नक्षत्रांचाही आहे. तो निव्वळ योगायोग, आणि योगायोगाबद्दलच हा लेख आहे.)

या खेळात दिसतं ते असं. सत्तावीस नाण्यांतलं सर्वोत्तम नाणं साधारणपणे २६च्या आसपास पोचतं. शंभर खेळांतल्या अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद खेळांत एखादं तरी नाणं चोवीसच्या पुढे जातं. हिशेबानं पडताळूनही हेच येतं. म्हणजे ज्या चोवीसबद्दल एक बाजू दबकत बोलते आणि दुसरी अभिमानानं, तो आकडा सत्तावीस मुक्या नाण्यांनी बहुतेक वेळा मागे टाकला असता. सर्वोत्तम ज्योतिष्याची तुलना एका नाण्याशी करायची नसते. सत्तावीसांतून निवडलेल्याशी सत्तावीसांतूनच निवडलेला तोलायचा. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत पहिला आलेला आणि जिल्ह्यातून पहिला आलेला यांत फरक असतो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. आकड्यांत मात्र सांगावं लागतं.

इथवर चाचणीची बाजू बळकटच झाली. आता तिच्यातला कच्चा दुवा.

चाळीसपैकी अठ्ठावीस किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर त्या ज्योतिष्याच्या यशाची दखल घ्यायची, अशी रेषा होती. एका नाण्यासाठी ही रेषा कडक आहे. अठ्ठावीस किंवा अधिक छाप एक हजार खेळांतून आठच वेळा येतात. पण स्पर्धेत नाणी सत्तावीस आहेत. लुटुपुटूच्या प्रयोगात शंभरातल्या वीस खेळांत एखादं तरी नाणं अठ्ठावीसची रेषा ओलांडतं. एक्कावन्न जणांनी उत्तरं पाठवली असती तर हे प्रमाण शंभरात पस्तीसवर गेलं असतं. म्हणजे ज्योतिषात काही तथ्य नसतानाही पाचांत एक शक्यता अशी होती की एक जण चाचणी ‘पास’ झाला असता.

तसं झालं असतं तर काय घडलं असतं? २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांमध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचं ठरवलं होतं आणि शास्त्रज्ञांचा त्याला विरोध होता. त्या वातावरणात पुण्याचा एक ज्योतिषी, नारळीकरांच्याच चाचणीत, नारळीकरांनीच आखलेली रेषा ओलांडून गेला असता. ‘सत्तावीस जणांत एखादा असा निघणारच’ हे मग कितीही खरं असलं तरी कुणी ऐकून घेतलं नसतं, कारण ते निकालानंतर सांगितलेलं असतं. पळवाटेसारखंच दिसलं असतं. निकाल आपल्या बाजूनं लागला म्हणून मांडणीतली फट बुजत नाही. विवेकवादी चळवळीच्या लोकांनी ही गोष्ट विरोधकांपेक्षा अधिक काळजीनं पाहायला हवी होती.

दुसरी फट उलट्या दिशेची आहे. समजा, एखाद्या ज्योतिष्याला खरोखरच थोडंफार कळतं. दर शंभर पत्रिकांत त्याची साठ बरोबर येतात. हे काही थोडं नव्हे. खरं ठरलं तर भौतिकशास्त्राची पुस्तकं बदलावी लागतील. असा माणूस चाळीस पत्रिकांत अठ्ठावीस गाठेल का? नाण्याऐवजी साठ-चाळीसचं सूत्र भरून तोच तक्ता चालवला, तर तो शंभरातल्या तेरा वेळाच उत्तीर्ण होतो. शंभरात सत्तर बरोबर सांगणारा असेल, तर तोही निम्म्याहून थोड्या जास्त वेळाच. चाळीस पत्रिका एका माणसाची परीक्षा घ्यायला कमी पडतात. नुसत्या नाण्याला ही चाळणी सत्तावीसांच्या गर्दीत आत सोडते आणि जाणत्याला बाहेर ठेवते. ‘असल्या चाचणीनं शास्त्र तपासता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा मांडायला हवा होता. त्यांनीही तक्ता मांडला नाही.

मग निष्कर्ष मी कशाच्या आधारावर मान्य करतो? बेरजेच्या. सत्तावीस जणांनी मिळून १०८० पत्रिका पाहिल्या. नाण्यांना अपेक्षित बेरीज ५४०, आणि ती सोळा-सतराच्या अंतरानं मागेपुढे होते. आता एकाचे २४, दोघांचे मिळून ४४, आणि उरलेल्या चोवीस जणांना उदारपणे पूर्ण वीस-वीस देऊन टाका. बेरीज होते ५४८. याहून जास्त ती असूच शकत नाही. साठ टक्के जाण असलेल्या सत्तावीस जणांची बेरीज ६४८च्या घरात हवी होती. शंभराचा खड्डा आहे हा, आणि तोही सगळी उदारता दाखवून. चाचणीचं खरं बळ या बेरजेत आहे, अठ्ठावीसच्या रेषेत नाही. लोकांपर्यंत मात्र पोचली ती रेषा.

या चाचणीचं मोल शहरातल्या वादावादीपेक्षा मला इथून, कसालमधून, अधिक जाणवतं. मुंबई-गोवा हमरस्त्यावरचं हे गाव. इथून मालवणला फाटा जातो. अशा गावांतून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आया पत्रिका घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाताना दिसतात. शांती, दान, अमक्या ठिकाणी जाऊन विधी, यांवर पैसा जातो. पण पैशाहून जड असतो तो प्रश्न, जो या आयांना रात्री झोपू देत नाही : हे पत्रिकेत आधी दिसत होतं का? दिसत असेल तर कुणीतरी पाहायला हवं होतं, लग्न जुळवताना, नाव ठेवताना, आणि तो ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा आईच ठरते. चौघांनी विचारलेला प्रश्न नेमका हाच होता. पत्रिकेत हे दिसतं का? चाचणी केवळ बुद्धिवादाची हौस नव्हती. म्हणून तिचं उत्तर फट न ठेवता मिळायला हवं.

आता एक कोडं, जे मला अधिक गुंतवून ठेवतं. नाण्यांच्या खेळात सत्तावीसांपैकी साधारण पंधरा नाणी वीस किंवा वीसच्या खाली राहतात. इथे चोवीस ज्योतिषी तिथे होते. चोवीस किंवा त्याहून जास्त नाणी इतकी खाली राहणं दहा हजार खेळांतून तीनेक वेळा घडतं. मग ज्योतिषी नाण्यापेक्षा वाईट, असं म्हणायचं का? चेष्टेत म्हणायला ठीक आहे. पण ते खरं मानलं तर विचित्र गोष्ट पदरात पडते : सातत्यानं चुकणाऱ्यालाही काहीतरी कळत असतं. त्याची उत्तरं उलटी केली की ती बरोबर येतील! म्हणजे चेष्टा करणारा नकळत ज्योतिषाच्या बाजूनं साक्ष देतो.

मला यातून निघणारा अर्थ वेगळा वाटतो. सत्तावीस नाणी एकमेकांना ओळखत नाहीत. सत्तावीस ज्योतिषी मात्र तेच ग्रंथ वाचून, तेच नियम पाठ करून आलेले असतात. पत्रिकाही त्याच दोनशेंतल्या, म्हणजे एकच पत्रिका अनेकांकडे गेलेली. बुध बिघडला की बुद्धी बिघडली असा एखादा नियम त्या दोनशे पत्रिकांत योगायोगानं उलटा पडत असेल, तर तो सगळ्यांना एकदमच खाली ओढेल. अशा वेळी सत्तावीस ज्योतिषी हे सत्तावीस स्वतंत्र नाणी न राहता, एकमेकांना दोऱ्यानं बांधलेली पाच-सहा नाणी होतात. तसं असेल तर माझा शंभरात वीसचा आकडाही जसाच्या तसा उरत नाही, हे इथेच नोंदवायला हवं. सगळ्या पत्रिका पाहणाऱ्या संस्थेचं उत्तर १०२ आलं, हे या दृष्टीनं फार बोलकं आहे. दोनशे फेकींत नाणं शंभराच्या सात इकडे किंवा सात तिकडे सहज जातं. १०२ म्हणजे जवळजवळ मध्यावर. उलटी विद्या असती तर ती इथेही दिसली असती.

प्रयोगात नाणं खरंच नाणं आहे का, हे आधी तपासावं, ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५८ साली यू. व्ही. राममोहन राव यांच्यासह रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला : पत्ते पिसल्यानं ते कितपत मिसळतात? पत्ते ओळखणाऱ्या माणसाच्या शक्तीबद्दल बोलण्याआधी पत्ते नीट पिसले गेले होते का, हे पाहावं लागतं. मराठीत कोसंबी इतिहासकार म्हणून वाचले जातात. त्यांचं हे अंग कुणी फारसं उघडून पाहत नाही.

उत्तरं परत न पाठवणाऱ्या चोवीस जणांचाही विचार करायला हवा. इथे आमच्याकडचा एक दाखला आठवतो. सिंधुदुर्गातल्या अनेक देवळांत देवाला कौल लावतात. ओल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे देवाच्या अंगाला चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडते की डावी याची वाट पाहायची. काही पडलंच नाही तर पुन्हा गाऱ्हाणं. न पडलेल्याची मोजणी नाही, वेळेची मर्यादा नाही. कौलाला यात काही कमीपणा नाही, कारण तो काय आहे हे सांगत नाही. काय करावं ते सांगतो, आणि गावातला एखादा तंटा मिटवतो. कौल चुकला असं म्हणायची सोयच नसते. फलज्योतिष मात्र काय आहे आणि काय होणार हे सांगतं, म्हणून त्याला मोजणी चुकवता येत नाही. न पडलेल्या पाकळ्याही मोजाव्या लागतात. पत्रिका बघून ‘हे आपल्याला जमणार नाही’ म्हणून थांबलेले त्या चोवीसांत असतील, तर परत पाठवणारे सत्तावीस हे अधिक आत्मविश्वासाचे, आणि तरीही बेरीज ५४८च्या वर जात नाही. पण हे अनुमान आहे. न परतलेलं पाकीट कोणत्या रकान्यात धरायचं, हे आधी जाहीर केलेलं असेल तर अनुमानाची गरज पडत नाही.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. नारळीकर मे २०२५मध्ये गेले. तशी चाचणी पुन्हा कुणी घ्यायची ठरवली, तर रेषा कुठे आखावी हे आधी लुटुपुटूच्या प्रयोगातून ठरवता येतं. मी ते करून पाहिलं. प्रत्येक ज्योतिष्याला चाळीसऐवजी सगळ्या दोनशे पत्रिका द्यायच्या. भाग घेणारे सत्तावीसच धरले, तर रेषा १२५वर आखावी लागते. मग सत्तावीस नाण्यांतलं एखादं ती ओलांडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी उरते. शंभरात सत्तर बरोबर सांगणारा खरा जाणकार असेल, तर तो शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा तिच्या पलीकडे जातो. चाळीस पत्रिकांत त्याला निम्मी-अर्धी संधी होती. साठवाल्याला इथेही चारांत एकदाच यश मिळतं, म्हणून बेरजेची दुसरी रेषा वेगळी जाहीर करावी. पत्रिका जास्त म्हणून काही ज्योतिषी कुरकुरतील. दोनशे पत्रिका पाहायला वेळ लागतो हे खरंच आहे. त्याचं मानधन द्यावं.

आणि तपासणीला येणारी पाकिटं सत्तावीस नसावीत, चोपन्न असावीत. सत्तावीस ज्योतिष्यांची आणि सत्तावीस नाण्यांची, सारखीच दिसणारी, सारख्याच अक्षरात भरलेली. कोणतं पाकीट कुणाचं हे गुण देणाऱ्याला ठाऊक नसावं, आणि सगळ्यांचे गुण लावून झाल्यावरच नावं उघडावीत.